रॅम वेगळी, स्टोरेज वेगळं : नवा लॅपटॉप घेतलेल्यांसाठी

मावशीनं परवा सीताबर्डीवरून लॅपटॉप आणला, दुसऱ्याच दिवशी फोन, "अरे हा हळू चालून राहिला, मी सगळे लग्नाचे फोटो डिलीट करू का?" म्हटलं थांब मावशी, फोटोंना हात नको लावू!

हा गोंधळ खूप जणांचा होतो. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा, आत्ता जे काम चालू आहे तेवढंच त्यावर मांडलेलं, आणि एसएसडी, म्हणजे लॅपटॉपचं स्टोरेज, ही कोठीची खोली, तिथं फोटो, फायली कायमच्या राहतात, लॅपटॉप बंद केला तरी. कोठीतले फोटो काढून ओटा मोकळा होत नाही ना, तसंच आहे हे. मावशीच्या क्रोममध्ये तीसेक टॅब उघडे होते, ते बंद केले तर लगेच फरक पडला. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडतो, त्यात मेमरी म्हणून लिहिलंय ती रॅम, कोण किती खाऊन राहिलं ते तिथंच दिसते.

अजून एक, ५१२ जीबी स्टोरेजचा लॅपटॉप घेतला आणि आत ४७६ च दिसते म्हणून दुकानदारावर चिडू नका, कंपनी हजाराच्या हिशोबानं मोजते, विंडोज १०२४ च्या, म्हणून आकडा कमी दिसतो.

आणि लिहिता लिहिता कंट्रोल एस दाबत जा, सेव्ह होईपर्यंत तुमचं लिखाण फक्त ओट्यावरच असते, लॅपटॉप अचानक बंद पडला की गेलं.