शेपटीचा पर कापण्याआधी

झेब्राफिशच्या लार्व्यात (पिल्लात) न्यूट्रोफिल, म्हणजे जखमेवर धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी, जखमेकडे जाताना टिपायचे असतील, तर बाकी काही वाचण्याआधी हे लिहून ठेवा: ट्रायकेन (माशाची भूल) अगारोजमध्येही (लार्वा जागेवर धरणाऱ्या जेलमध्ये) हवं आणि अगारोजवर ओतता त्या पाण्यातही. मागच्या खेपेला मी वर नुसतं ई-थ्री (लार्वे ठेवायचं क्षारांचं पाणी) ओतलं. तासाभरात भूल त्या पाण्यात झिरपून गेली, लार्व्याने शेपटी झटकली आणि पहिले हिरवे ठिपके जखमेच्या काठाशी पोचत असतानाच चित्राची चौकट रिकामी झाली. ती वेळ परत मिळत नाही; नवा लार्वा, नवी जखम, सगळं पहिल्यापासून.

एमपीएक्स-जीएफपीची (ज्यांचे न्यूट्रोफिल हिरवे चमकतात त्या माशांची) अंडी, 28.5 अंश, हे माहीतच आहे. पीटीयू (काळा रंग रोखणारं रसायन) 0.003 टक्के, अंडी फळल्यापासून 24 तासांच्या सुमारास घाला. उशीर केलात तर काळे डाग न्यूट्रोफिलांवरच येऊन बसतात. तिसऱ्या दिवशी काम. मायक्रोस्कोपची उबदार पेटी दोनतीन तास आधी सुरू करा, कारण धातू तापेपर्यंत फोकस सरकत राहतो आणि मग पेशी हलली की स्टेज, हे सांगता येत नाही.

ट्रायकेनचा साठा 4 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. पावडर आम्लधर्मी असते, म्हणून ट्रिस (आम्लता कमी करणारं बफर) घालून पीएच 7 वर आणा. 100 मिलिलिटर ई-थ्रीला हा साठा 4.2 मिलिलिटर. अशा दोन बाटल्या भरा, एक कापताना, दुसरी वर ओतायला. दुसरीवर जाड पेनाने ‘वरचं पाणी’ लिहा आणि साधं ई-थ्री त्या टेबलावरून उचलून ठेवा. खरंच उचला.

लो-मेल्ट अगारोज 1 टक्का, 38 अंशांच्या वर नको, लार्वा भाजतो. ब्लेड नवं कोरं. एकाच दाबात पर कापा, पण नोटोकॉर्डच्या (पाठीतल्या आधारदांड्याच्या) टोकाला धक्का लावू नका. ते दुखावलं तर ती वेगळीच जखम होते, इतरांशी ताडून बघता येत नाही. कापल्याचा मिनिट लिहा. काचतळाच्या डिशमध्ये बसवा, अगारोज गोठू द्या, मग वरचं पाणी. कुठल्या बाटलीतलं?

20 एक्सची भिंग, लेझर शक्य तितका मंद (तीव्र प्रकाशानेही ऊतीला इजा होते), दर मिनिटाला एक झेड-स्टॅक (वेगवेगळ्या खोलीवरच्या चित्रांचा संच). पहिला तास जागेवरून हलू नका. जखमेच्या काठावरून हायड्रोजन पेरॉक्साइड पसरतं आणि पेशींना बोलावतं, हे 2009 मध्ये याच माशात दाखवलं गेलं. न्यूट्रोफिल पुढे पातळ पसरट पाय काढतो, थबकतो, बाजूला चाचपतो, मग मागचा निमुळता भाग ओढून घेतो. 1882 मध्ये इटलीतल्या मेसिनाला जीवशास्त्रज्ञ मेचनिकॉव्हने स्टारफिशच्या लार्व्यात काटा खुपसला आणि पेशी जमल्या का ते दुसऱ्या सकाळी पाहिलं. आपल्याला त्यांची प्रत्येक पावलाची वाट दिसते. ती हलत्या शेपटीपायी घालवू नका.

सहा तासांच्या आसपास गर्दी सर्वांत जास्त, 24 तासांनी बरीच ओसरलेली. काही पेशी जखमेकडून उलट्या फिरतात, त्यांच्यासाठी रेकॉर्डिंग लांबवा. न कापलेला लार्वा शेजारी हवाच. डिस्कवर जागा, फाइलींची नावं, प्रत काढणं, नेहमीचंच. मध्ये पाणी आटलं तर भर घाला, तीही ट्रायकेनच्याच पाण्याची.