दृष्टिहीन गीतकाराने ख्रिस्ती संगीतात येताना

ख्रिस्ती भक्तिगीते लिहिणे, त्यांना चाली लावणे आणि ती गाणे हे काम मी अनेक वर्षे करीत आहे. मला जन्मापासून दिसत नाही. या क्षेत्रात येऊ पाहणारे दृष्टिहीन तरुण बहुधा आवाजाच्या तयारीविषयी विचारतात. माझ्या मते त्यांनी त्याआधी स्वरलेखन आणि करारपत्र या दोन्ही गोष्टी दुसऱ्याच्या डोळ्यांवाचून वाचता येतील, अशी सोय करून घ्यावी.

ब्रेल स्वरलिपी, म्हणजे बोटांनी वाचायच्या उठावदार टिंबांत संगीत लिहिण्याची पद्धत, शिकण्याचा कंटाळा करू नये. लुई ब्रेल स्वतः पॅरिसमधील चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत आणि १८२९ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत संगीतलेखनाचीही योजना होती. पियानोवर नवे स्तोत्र बसवताना उजव्या हाताची ओळ मी डाव्या हाताच्या बोटांनी वाचत उजव्याने वाजवते, मग हातांची अदलाबदल करते, आणि दोन्ही ओळी पाठ झाल्या की एकत्र वाजवून पाहते. याला वेळ फार लागतो, हे खरे. परंतु नुसते ऐकून बसवलेल्या गाण्यात मधले स्वर निसटतात, ते येथे बोटांखालीच सापडतात.

अमेरिकी गायिका-गीतकार जिनी ओवेन्स यांची वाटचाल मी नवोदितांना आवर्जून सांगते. १९७५ साली मिसिसिपीतील जॅक्सन येथे जन्मलेल्या ओवेन्स यांची दृष्टी तिसऱ्या वर्षी गेली. नॅशविलच्या बेलमाँट विद्यापीठातून त्यांनी संगीतशिक्षणाची पदवी घेतली, पण शिक्षिकेची नोकरी मिळेना, तेव्हा त्या गीतलेखनाकडे वळल्या. पहिला अल्बम १९९९ मध्ये आला आणि २००० साली त्यांना ख्रिस्ती संगीतासाठी दिला जाणारा डव्ह पुरस्कार सर्वोत्कृष्ट नवोदित कलाकार म्हणून मिळाला. रीतसर शिक्षणाची बैठक असल्यानेच त्यांना ही वाट धरता आली, असे मला वाटते.

व्यवहाराची बाजू मला फॅनी क्रॉस्बी (१८२०-१९१५) यांच्या चरित्राने शिकवली. तान्ह्या वयात दृष्टी गमावलेल्या या बाईंनी आठ हजारांहून अधिक स्तोत्रे रचली. पूर्ण गीत मनात बांधून त्या ते दुसऱ्याकडून लिहवून घेत. एवढ्या मोठ्या कामाचा मोबदला मात्र बहुधा गीतामागे एक-दोन डॉलर एवढाच असे. हे वाचताना मला आजही वाईट वाटते.

मलाही एका प्रकाशकाने छापील करार पुढे करून ‘फक्त सही करा’ असे सांगितले होते. मी मजकूर ई-मेलने मागवला आणि स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) ऐकला, तेव्हा माझ्या शब्दांचे सर्व हक्क कायमचे देण्याची अट त्यात आढळली; ती काढून टाकल्यावरच मी सही केली. शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात, म्हणून करारात तिन्हींचा उल्लेख स्वतंत्र कलमांत मागावा आणि त्याची वाचता येणारी प्रत हाती आल्यावाचून ध्वनिमुद्रणाची तारीख ठरवू नये.