सातवी-आठवीचं गणित घरी कसं शिकावं: कोनमापकापासून समीकरणापर्यंत

सातवी-आठवीचं गणित घरी शिकवायला घेतलं की बहुतेक पालक थेट समीकरणांना हात घालतात, कारण मार्क तिथेच जातात. मी भूमितीपासून सुरुवात करा असं सांगेन. समीकरणातला क्ष मुलाला अधांतरी वाटतो. कोनातल्या क्षला मात्र कोनमापक लावता येतो, आणि उत्तर चुकलं तर आकृतीच ते दाखवून देते.

पुस्तकं बालभारतीची पुरेत. सहावी, सातवी, आठवी अशी तिन्ही जवळ ठेवा (ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर ती मोफत मिळतात). पुस्तकात क्षच्या जागी इंग्रजी अक्षर असेल, त्याने काही बिघडत नाही. कंपासपेटीतल्या कंपासचा स्क्रू ढिला असेल तर आधी तो घट्ट करा. निम्म्या चुकीच्या आकृत्या तिथूनच येतात.

पायरी १ : ऋण संख्यांची चाचणी

ही तीन गणितं तोंडी विचारा: −३ − ५, (−३) × (−५) आणि ४ − (−६). उत्तरं −८, १५ आणि १०. पहिल्याचं उत्तर +८ आलं, तर मुलाने ‘वजा वजा अधिक’ हा गुणाकाराचा नियम वजाबाकीला लावला आहे. अशा वेळी संख्यारेषा काढा, −३ वर बोट ठेवा आणि डावीकडे पाच घरं जा. हे जमेपर्यंत पुढची पायरी नको.

पायरी २ : कोन काढा, मोजा, मग सिद्ध करा

कोनमापकावर अंकांच्या दोन ओळी असतात आणि ६० च्या जागी १२० वाचलं जातं. म्हणून मोजण्याआधीच मुलाला सांगू द्या: कोन लघुकोन आहे की विशालकोन?

आता कुठलाही त्रिकोण काढून तिन्ही कोन मोजा. बेरीज कधी १७९ येईल, कधी १८१. इथे घाईने ‘म्हणजे १८०च’ म्हणून पुढे जाऊ नका, सिद्धता कशाला लागते हे कळण्याची जागा हीच आहे. शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढा. त्रिकोणाच्या दोन्ही बाजू आता छेदिका, म्हणजे दोन्ही समांतर रेषांना छेदणाऱ्या रेषा, झाल्या. पायाजवळचे दोन्ही कोन व्युत्क्रम कोन (समांतर रेषांच्या आतले, छेदिकेच्या विरुद्ध बाजूंचे समान कोन) म्हणून वर त्या रेषेपाशी जसेच्या तसे मिळतात, आणि शिरोकोन धरून तिघांचा मिळून सरळ कोन होतो. बेरीज १८० अंश, आणि तीही जगातल्या प्रत्येक त्रिकोणाची, न मोजता.

पायरी ३ : कोनांतून समीकरण

त्रिकोणाचे कोन क्ष, २क्ष आणि क्ष + २० आहेत असं द्या. बेरीज ४क्ष + २० = १८०. दोन्ही बाजूंतून २० वजा केले की ४क्ष = १६०, दोन्ही बाजूंना ४ ने भागलं की क्ष = ४०. कोन आले ४०, ८० आणि ६०. एवढ्यावर सोडू नका. ६ सेंटिमीटरचा पाया घ्या, एका टोकाला ४० अंशांचा कोन काढा, दुसऱ्या टोकाला ८०चा आणि वरचा कोन मोजा.

‘पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं’ हे वाक्य घरात सध्या तरी बंद ठेवा. ते खोटं नाही, पण मुलं ते भागाकारालाही लावतात आणि ४क्ष = १६० वरून क्ष = १६० − ४ लिहून मोकळी होतात. दोन्ही बाजूंवर तीच क्रिया, ती क्रिया समासात लिहायची, एवढंच.

दोन्ही बाजूंना क्ष येतो तेव्हा समांतर रेषा कामी येतात. संगत कोन (छेदिकेच्या एकाच बाजूला, दोन्ही समांतर रेषांपाशी सारख्याच जागी येणारे कोन) ३क्ष + १० आणि ५क्ष − ३० असतील तर ते समान, म्हणून ३क्ष + १० = ५क्ष − ३०. दोन्हीकडून ३क्ष वजा केले की १० = २क्ष − ३०, मग ३० मिळवून ४० = २क्ष, म्हणजे क्ष = २०. ताळा दोन्हीकडे करायचा: ७० आणि ७०.

पायरी ४ : कंस आणि अपूर्णांक

२(क्ष + ५) म्हणजे २क्ष + १०, २क्ष + ५ नव्हे. क्ष/२ + क्ष/३ = १० मध्ये छेदांच्या लसावीने, म्हणजे ६ ने, प्रत्येक पदाला गुणा. उजवीकडचा १० हमखास विसरला जातो. ३क्ष + २क्ष = ६०, क्ष = १२. सराव हवा, बाकी काही नाही.

पायरी ५ : शाब्दिक उदाहरणं

‘आईचं वय मुलीच्या वयाच्या तिपटीपेक्षा ४ ने कमी आहे, दोघींच्या वयांची बेरीज ४४.’ मुलीचं वय क्ष धरलं तर आईचं ३क्ष − ४. इथे ४ − ३क्ष लिहिणारी मुलं बरीच भेटतात. त्यांना आधी एखादं वय धरून बघायला सांगा: मुलगी १० वर्षांची असती तर? तिप्पट ३०, आई २६. आकड्यांवर जे केलं तेच क्षवर करायचं. ४क्ष − ४ = ४४, मुलगी १२, आई ३२.

पायरी ६ : आलेखाचा कागद

दोन चलांचं रेषीय समीकरण नववी-दहावीचं, पण त्याची ओळख आठवीच्या सुट्टीत करून द्यायला हरकत नाही. एका सरळ रेषेवर रेषीय जोडीतले, म्हणजे शेजारी-शेजारी मिळून सरळ कोन करणारे, दोन कोन काढा, मापं क्ष आणि य. मग क्ष + य = १८०. अशा जोड्या लिहा: (४०, १४०), (९०, ९०), (१२०, ६०). १ सेंटिमीटर = २० अंश असं प्रमाण धरून आलेखावर बिंदू मांडा, ते एका रेषेत बसतात. आता एक अट वाढवा: क्ष हा यपेक्षा ४० ने मोठा. या अटीत बसणाऱ्या जोड्या (६०, २०), (१००, ६०) आणि (१२०, ८०). त्यांचीही रेषा काढा. दोन्ही रेषा (११०, ७०) पाशी छेदतात. पट्टी-पेन्सिल जरा हलली तर बिंदू इकडेतिकडे सरकेल, म्हणून आकड्यांनी ताळा घ्या: बेरीज १८०, फरक ४०.