लग्नाची ऑर्डर: छोट्या फोटो स्टुडिओचा हिशेब आणि कामाची पद्धत

तालुक्याच्या गावात फोटो स्टुडिओ चालवायचा तर वर्ष पंचांगावरून आखावं लागतं. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त निघतात, पौषात बरेच जण थांबतात, माघ-फाल्गुनात पुन्हा वेग येतो, वैशाखात एकाच तारखेला तीन-तीन विचारणा येतात आणि आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की सगळं थंड. दुकानाचं भाडं आणि कॅमेऱ्याचा हप्ता मात्र बाराही महिने द्यावाच लागतो. त्यामुळे ‘गावात बाकीचे किती घेतात’ हे बघून दर लावणं धोक्याचं. दर आपल्या खर्चावरून काढायचा.

उदाहरणादाखल हळद आणि लग्न अशी दोन दिवसांची ६५,००० रुपयांची ऑर्डर घेऊ. व्हिडिओवाला दोन दिवसांचे ८,०००, कँडिडसाठी (नकळत टिपायच्या फोटोंसाठी) दुसरा फोटोग्राफर एक दिवस ७,०००, असिस्टंट २,०००, गाडी आणि चहापाणी ३,०००, तीस शीटच्या (शीट म्हणजे मधे घडी असलेली समोरासमोरची दोन पानं) अल्बमची छपाई बॅग-बॉक्ससह ९,०००, अल्बम डिझाइन शीटमागे १०० प्रमाणे ३,०००, व्हिडिओ एडिटिंग ७,०००, पेनड्राइव्ह आणि हार्ड डिस्कमधली जागा १,५००. झाले ४०,५००. उरले २४,५००. सगळा नफा आहे असं वाटतं, पण चार लाखांचं सामान पाच वर्षं चालेल असं धरलं तर वर्षाला ८०,००० झिजतात. वर्षाला २५ ऑर्डरी असतील तर एकीमागे ३,२००. दुकानाच्या भाड्याचा निम्मा वाटा लग्नांवर टाकला तर साधारण २,४०० आणखी. हातात राहिले १८,९००, आणि त्यासाठी तुमचे दोन दिवस शूटिंगचे, चार दिवस निवड, एडिटिंग आणि फेऱ्यांचे. दिवसाला ३,१५०.

आता वधूपिता म्हणतो, “अहो, दहा हजार कमी करा, घरचंच कार्य आहे.” व्हिडिओवाला, अल्बम छापणारी लॅब किंवा डिझायनर यातलं एक पैसाही कमी करणार नाही. दहाच्या दहा हजार तुमच्या १८,९०० मधून जातात आणि दिवसाची मजुरी दीड हजाराच्याही खाली येते. कमी करायचंच असेल तर काम कमी करा: अल्बम तीसऐवजी वीस शीटचा, हळदीला एकच फोटोग्राफर. दर तोच ठेवून ‘ड्रोन फ्री, कॅलेंडर फ्री’ असं वाढवत नेणं तर सवलतीपेक्षा वाईट, कारण ते पुढच्या घरात हक्काने मागितलं जातं.

पैशाचे टप्पे: तारीख धरताना ३० टक्के, हळदीच्या सकाळपर्यंत ५०, आणि शेवटचे २० अल्बमचं डिझाइन पसंत झाल्यावर, पण लॅबला पाठवण्यापूर्वी. ‘अल्बम देताना बाकी घेऊ’ ही पद्धत छोट्या स्टुडिओला बुडवते. लग्नानंतर केटरर, कार्यालय, मांडववाला यांची देणी भागवून घर रिकामं झालेलं असतं, फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर पोहोचलेले असतात आणि अल्बमची घाई कुणालाच नसते. छापून आलेला अल्बम मग सहा महिने तुमच्या कपाटात, लॅबचे पैसे तुमच्या खिशातून.

करार एका पानाचा पुरतो. तारखा, ठिकाणं, किती माणसं येणार, किती तास, शीटची संख्या, पैशाचे टप्पे, आणि निवडीची मुदत. ‘फोटो दिल्यापासून ४५ दिवसांत निवड न आल्यास स्टुडिओ निवड करेल’ हे वाक्य नसेल तर गेल्या वैशाखातला अल्बम पुढच्या वैशाखातही अर्धवट असतो. आणखी एक कलम बहुतेकांना माहीत नसतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा मालक, वेगळा करार नसेल तर, काम देणाराच असतो. त्यामुळे नवरीचे फोटो तुमच्या इन्स्टाग्रामवर टाकायचे असतील तर तशी लेखी परवानगी करारातच घ्या. नको म्हणाले तर नको.

मुहूर्ताची दहा मिनिटं

सामानात पहिला पैसा लेन्सवर नको, दोन कार्डांचे खण असलेल्या बॉडीवर (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यावर) घाला आणि दोन्ही कार्डांवर एकाच वेळी फोटो उतरतील असं सेटिंग ठेवा. दुसरी बॉडी साधी असली तरी हवीच. २४-७० एफ २.८ ही कामाची लेन्स, सोबत ८५ एफ १.८ (पहिले आकडे एमएमचे, एफचा आकडा लेन्सच्या छिद्राचा, तो लहान तितकं छिद्र मोठं). स्टेजपासून लांब उभं राहावं लागणाऱ्या मोठ्या लॉन्ससाठी ७०-२०० भाड्याने आणता येते. निघण्यापूर्वी सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळं एका मोबाइलशी जुळवा. हे दोन मिनिटांचं काम राहिलं की दोघांचे तीन हजार फोटो वेळेनुसार लावताना सप्तपदी मंगलाष्टकांच्या आधी येते.

गुरुजींना आधीच भेटा. मंगलाष्टकं किती म्हणणार, मधे घरच्या बायका म्हणणार का, अंतरपाट कोणत्या बाजूने काढणार, हे तिथे कळतं. जागा अंतरपाटाच्या कडेला, त्याच्या रेषेत धरा, म्हणजे कापडाच्या दोन्ही बाजूंचे चेहरे एका चौकटीत येतात. ‘तदेव लग्नं’ ऐकू आलं की शेवट जवळ आला समजा, कॅमेरा डोळ्यावरून खाली आणू नका. अक्षता उडताना ऑटोफोकस समोरच्या दाण्यांवर उडी मारतो. म्हणून एकच पॉइंट ठेवून नवरीच्या डोळ्यावर आधीच फोकस लॉक करावा, छिद्र एफ ४ ते ५.६. एफ १.८ वर एकाचा चेहरा हमखास धूसर येतो. मोबाइल घेऊन पुढे घुसणाऱ्यांना तुम्ही हटकू नका, करवलीला किंवा मामांना सांगून ठेवा, त्यांचं ऐकतात.

प्रकाशाचं सगळ्यात मोठं दुखणं मांडवाचं कापड. फ्लॅश वर उडवून मारायची सवय असते, पण छत गुलाबी किंवा केशरी असेल तर तोच रंग चेहऱ्यावर उतरतो आणि नंतर निघत नाही, कारण मागची भिंत बरोबर केली की त्वचा बिघडते. अशा मांडवात छोटी सॉफ्टबॉक्स किंवा पांढरी छत्री लावलेला फ्लॅश असिस्टंटच्या हातात, रेडिओ ट्रिगरवर (कॅमेऱ्यावरून फ्लॅश बिनतारी पेटवणारं उपकरण). दुपारच्या लग्नात हिरव्या शेडनेटखाली चेहरे आजारी दिसतात. तिथेही फ्लॅश थेट समोरून, थोडा जास्त जोराचा. व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं यासाठीचं सेटिंग) ऑटोवर न ठेवता केल्विनमध्ये, म्हणजे प्रकाशाच्या रंगाच्या मापात, बांधून टाका, फ्लॅश मुख्य असेल तर ५,५०० च्या आसपास. नाहीतर हळदीच्या प्रत्येक फोटोत पिवळा वेगळा येतो.

आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी आणि ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. व्हिडिओला शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवलं तर पट्टे येत नाहीत. स्टेजमागे एलईडी वॉल असेल तर तिची तऱ्हा वेगळी, मुहूर्ताआधी दोन-तीन शटरवर फोटो काढून बघितल्याशिवाय भरवसा नाही.

बाकी विधींत चार ठिकाणी चूक होते. कानपिळी दोन-तीन सेकंदांत संपते, नवरीचा भाऊ उठला की त्याच्या मागे लागायचं. लाजाहोमाच्या वेळी कॅमेऱ्यावरचा फ्लॅश धुरावर आदळून सगळं पांढुरकं करतो. तो बंद करून आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ३,२०० पर्यंत न्या किंवा फ्लॅश बाजूने द्या. सूनमुखाला फोकस आरशाच्या चौकटीवर बसतो, तो प्रतिबिंबावर न्यावा लागतो. माप ओलांडायच्या वेळी मात्र वरातीसोबत चालत राहिलात तर पाठमोरे फोटो मिळतील. नवरी दारात येण्याआधी २४ एमएम लावून घरात उंबऱ्यासमोर उभं राहायचं.

रात्री घरी आल्यावर झोपण्यापूर्वी कार्डं दोन वेगळ्या डिस्कवर उतरवा, फाइलींची संख्या मोजून ताडून बघा. २४ मेगापिक्सेलचे ३,००० रॉ फोटो (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइली) साधारण ७५ ते ९० जीबी होतात, तेवढी रिकामी जागा आधीच ठेवा. एक डिस्क दुकानात, एक घरी. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करायचं, तेही दोन प्रती झाल्यावरच. कार्ड अडलं तर त्यावर पुढे एकही फोटो काढू नका. जुन्या फाइलींवर नवी लिहिली गेली की रिकव्हरीही हात टेकते.

ड्रोनबद्दल थोडक्यात: २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन पैसे घेऊन उडवायचा तर पायलटचं प्रमाणपत्र लागतं, आणि ग्रीन झोनमध्येही (जिथे उडवायला आधी परवानगी लागत नाही) मर्यादा ४०० फूट. प्री-वेडिंगसाठी रायगड किंवा शिवनेरीसारख्या केंद्रीय संरक्षित किल्ल्यावर स्टँड-लाइट घेऊन जायचं असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढा.

पावसाळ्यात दुकान चालवणारी कामं

पासपोर्ट फोटो, स्थळासाठीचे फोटो आणि गेलेल्या माणसाची तसबीर. पासपोर्ट फोटो ३५ × ४५ मिमीचे, चार बाय सहा इंचाच्या कागदावर आठ बसतात. अमेरिकेच्या व्हिसाला दोन बाय दोन इंच. परीक्षांच्या अर्जाला केबीची मर्यादा असते, ती अर्जावरून वाचूनच फाइल द्या, ग्राहकाच्या आठवणीवर जाऊ नका.

स्थळाच्या फोटोत साडीतली पूर्ण उंची लागते आणि तिथे खोली कमी पडते. फुल फ्रेमवर (३५ एमएम फिल्मएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर) ५० एमएम लेन्सने सात फुटांची उभी चौकट घ्यायला दहा फूट अंतर लागतं. मुलगी पडद्यापासून चार फूट पुढे हवी, म्हणजे सावली पडद्यावर पडत नाही, आणि तुम्हाला उभं राहायला दोन फूट. खोली सोळा फूट लांब हवी. बारा फुटांच्या गाळ्यात रुंद लेन्स लावून भागवलं तर जवळून काढल्यामुळे डोकं मोठं आणि पाय आखूड दिसतात. तेव्हा अर्धा फोटो आत काढावा, पूर्ण उंचीचा बाहेर सावलीत. मुख्य लाइट ६० × ९० सेंमी सॉफ्टबॉक्स, चेहऱ्यापेक्षा थोडा वर, ४५ अंशांवर, दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल. चष्मा चमकला तर लाइट आणखी वर घ्या. गोरं करून द्या म्हणतील. रंग बदललेल्या फोटोची तक्रार बघायला आलेली मंडळी करतात, स्टुडिओचं नाव घेऊन.

तसबिरीसाठी लोक ग्रुप फोटोतला बोटाएवढा चेहरा किंवा आधार कार्ड घेऊन येतात आणि उद्या दहावा असतो. मूळ छापील फोटो मिळवा, मोबाइलवर आलेली फाइल नको. १२ × १८ इंचांचा हट्ट न धरता ८ × १२ सुचवा, चेहरा फाटत नाही. या कामात घासाघीस करू नये, पण उशीरही चालत नाही.

कागदपत्रं फारशी नाहीत. महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी कामगार असतील तर दुकानाची ऑनलाइन सूचना दिली की झालं, उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी आणि सेवेवर १८ टक्के. लक्षात घ्या, उलाढाल, नफा नव्हे. ६५ हजारांच्या ३१ ऑर्डरींतच ती रेघ ओलांडली जाते.

अल्बमला ३,००० फोटो ग्राहकापुढे टाकू नका. स्वतः त्यातले ५०० निवडून काढा, नंबर घाला, त्यातून दीडशे निवडायला सांगा, तीस शीटना शीटमागे पाच पुरतात. १२ × ३६ इंचांचं शीट ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) १०,८०० × ३,६०० पिक्सेलचं होतं. मधल्या घडीवर चेहरा येऊ देऊ नका. डिझाइन दाखवताना आत्या, काका, आजी सुटलेत का हे घरातल्या वयस्कर बाईलाच विचारा. कव्हरवरची नावं आणि तारीख पत्रिकेवरून ताडून घ्या, पण नवरीचं नाव पत्रिकेवरचं घ्यायचं की सासरी बदललेलं, हे तिलाच विचारा. छापून आल्यावर लॅब परत घेत नाही.