विहिरीपर्यंतची केबल किती जाड घ्यावी?

वायरीचा रोध लांबीसोबत वाढतो, जाडीसोबत घटतो. तांब्यासाठी २० अंशांना हिशेब असा: ०.०१७२ गुणिले लांबी (मीटर), भागिले जाडी (म्हणजे तारेच्या छेदाचे क्षेत्रफळ, स्क्वेअर एमएम); उत्तर ओहममध्ये येते. अ‍ॅल्युमिनियमला ०.०२८ धरा.

सिंगल फेजचा पंप १०० मीटरवर असेल तर लांबी २०० मीटर धरायची. करंट जातो तसा परतही येतो. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. २.५ स्क्वेअर एमएम तांब्याचा रोध १.३८ ओहम. मोटर १५ अँपिअर घेत असेल तर वाटेतच (रोध गुणिले करंट) सुमारे २१ व्होल्ट जातात. ६ स्क्वेअर एमएमला साधारण ९ व्होल्ट. अ‍ॅल्युमिनियममध्ये तेवढ्यासाठी १० स्क्वेअर एमएमची घ्यावी लागते. तार ५० अंशांपर्यंत तापली की रोध आणखी १२ टक्के वाढतो, म्हणून काठावरचा साइज घेऊ नका.

केबल बसवल्यावर पंप चालू ठेवून स्टार्टरच्या आउटपुटला आणि विहिरीजवळच्या जोडपेटीत व्होल्टेज मोजा. ओल्या हातांनी नाही. फरक हिशेबापेक्षा बराच जास्त निघाला तर आधी सांध्यांवर संशय घ्या. मेन स्विच बंद करून ते उघडा. तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम नुसते पिळून जोडले असतील तर तिथे ऑक्साइड धरतो, सांधा तापतो, सैल होतो. बायमेटल लग (एका बाजूला तांबे, दुसऱ्या बाजूला अ‍ॅल्युमिनियम असलेला जोड) क्रिंप करून, म्हणजे पक्कडीने घट्ट दाबून, लावा.