पानाने जिवाणू ओळखला का, हे ल्युमिनॉलने कसे मोजावे

जिवाणूच्या फ्लेजेलिन प्रथिनातला २२ अमिनो आम्लांचा तुकडा, म्हणजे एफएलजी-२२, पेशीपटलावरच्या एफएलएस-२ या ग्राहीला (बाहेरचा संकेत ओळखणाऱ्या प्रथिनाला) चिकटतो. ग्राही लगेच बीएके-१ या सहग्राहीशी जोडी जमवते, बीआयके-१ हा संकेत पुढे नेणारा कायनेज (फॉस्फेट जोडणारे विकर) सक्रिय होतो आणि आरबीओएचडी हे विकर पेशीबाहेर सुपरऑक्साइड सोडू लागते. त्यापासून होणारे हायड्रोजन पेरॉक्साइड, पेरॉक्सिडेज विकराच्या मदतीने, ल्युमिनॉल या रसायनातून प्रकाश काढते; तो प्रकाश आपण मोजतो.

फुलोरा न आलेल्या, ४ ते ५ आठवड्यांच्या अ‍ॅराबिडॉप्सिसच्या (प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या एका लहान रोपाच्या) पानांतून मधली शीर टाळून ४ मिमीच्या चकत्या पाडा. ९६ खळग्यांच्या पांढऱ्या प्लेटमध्ये, प्रत्येक खळग्यात एक, अशा रात्रभर पाण्यावर तरंगू द्या. ही रात्र वाचवू नका: कापल्याच्या जखमेलाही पान असाच प्रतिसाद देते आणि खरा संकेत त्यात बुडून जातो.

सकाळी पाणी काढून, चकती सुकायच्या आत, १०० मायक्रोलिटर द्रावण घाला: १०० नॅनोमोलर एफएलजी-२२, १०० मायक्रोमोलर ल्युमिनॉल, मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज. ल्युमिनॉल पाण्यात नीट विरघळत नाही. डीएमएसओ या द्रावकात साठा करून अंधारात ठेवा. प्रकाश मोजणाऱ्या यंत्रात वाचन लगेच सुरू करून ४० मिनिटे चालवा. शिखर साधारण १० ते १५ मिनिटांनी दिसते.

एफएलजी-२२ न घातलेले खळगे हवेतच. डब्ल्यूएस-० हा अ‍ॅराबिडॉप्सिसचा प्रकार मात्र मुख्य नमुना म्हणून वापरू नका. त्यात एफएलएस-२ निकामी असते. प्रतिसाद न देणारे नियंत्रण म्हणून मात्र तो उत्तम. एका वनस्पतीतही पानागणिक फरक पडतो, म्हणून प्रत्येक प्रकाराच्या किमान ८ चकत्या, वेगवेगळ्या रोपांवरून घ्या.