प्राण्यांचा अभ्यास हेच करिअर करायचंय? मग आधी हे वाचा

"मला प्राण्यांमध्ये करिअर करायचंय" असं मुलगी म्हणाली की घरचे लगेच म्हणतात, मग व्हेटर्नरी कर. व्हेट होणं चांगलंच आहे, नीटची परीक्षा द्या, साडेपाच वर्षांचा बीव्हीएससी करा, पण ते आजारी जनावर बरं करायचं काम झालं. प्राणी रानात, शेतात, गावाच्या कडेला कसा जगतो हे शोधून लोकांना सांगायचं असेल तर रस्ता वेगळा आहे, आणि त्याबद्दल मराठीत फार कमी लिहिलेलं सापडतं म्हणून हे लिहितेय.

आधी काम कसं असतं ते बघा. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात अकोले तालुक्याकडच्या उसात राहणाऱ्या बिबट्यांवर वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या टीमने अभ्यास केलाय. बिबट्या खातो काय हे कळायला त्याच्या मागं धावत नाहीत, बांधावरून, पायवाटेवरून त्याची विष्ठा गोळा करतात, ती चाळणीत धुतात, उरलेले केस वाळवून मायक्रोस्कोपखाली बघतात आणि केसाच्या रचनेवरून ओळखतात की हा कुत्रा, ही शेळी, हा उंदीर. त्यातून कळलं की तिथल्या बिबट्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा आहे. उघड्यावर कचरा आणि मोकाट कुत्री असली की बिबट्या का टिकून राहतो हे आता गावाला नीट सांगता येतं, आणि माझ्या मते या कामाचा खरा अर्धा भाग हाच आहे. ऊसतोडीत पिल्लं सापडली तर ती गावात आणू नका, फॉरेस्टवाल्यांना कळवा, पिल्लं जागेवरच राहिली तर आई रात्री येऊन नेते, हे तोडणीवाल्याला पटेल अशा भाषेत सांगता आलं पाहिजे.

शिक्षणाचं म्हणाल तर बीएस्सी झूलॉजी सोयीची, पण तीच पाहिजे असं काही नाही. बंगळुरूच्या एनसीबीएस (नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस) या संशोधन संस्थेतल्या वाइल्डलाइफ बायोलॉजीच्या एमएस्सीला इंजिनिअर, डॉक्टरसुद्धा जातात, फक्त तिथं दर दोन वर्षांनी प्रवेश होतो म्हणून वर्ष बघून तयारी करा. डेहराडूनची वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया 1982 पासून आहे, तिथंही एमएस्सी आहे. पुण्यात गरवारे कॉलेजला बायोडायव्हर्सिटीची एमएस्सी होते. आणि मुंबईची बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी), 1883 ची संस्था, तिचे पक्षी वगैरेंचे छोटे कोर्स नोकरी सांभाळूनही करता येतात.

अ‍ॅडमिशनची वाट बघत बसू नका मात्र. एक वही घ्या, एकच तळं किंवा एकच टेकडी निवडा आणि दर आठवड्याला जाऊन तारीख, वेळ, हवामान, काय दिसलं, किती दिसले आणि ते करत काय होते हे लिहा, न ओळखलेला पक्षी असेल तर अंदाज न ठोकता "ओळखला नाही" असंच लिहा, मग पक्ष्यांच्या नोंदी ईबर्ड या वेबसाइटवर आणि बाकीच्या आयनॅचरलिस्ट या वेबसाइटवर टाका. महागडा कॅमेरा नंतर. त्याआधी स्टॅटिस्टिक्स आणि आर (R, आकडेमोडीची कॉम्प्युटर भाषा) शिका, कारण कॅमेरा ट्रॅपचे, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांचे, हजारो फोटो आले की प्रत्येक बिबट्या अंगावरच्या ठिपक्यांवरून वेगळा ओळखायचा (डाव्या आणि उजव्या कुशीवरचे ठिपके वेगळे असतात म्हणून समोरासमोर दोन कॅमेरे लावतात) आणि मग त्यावरून संख्येचा अंदाज काढायचा, हे गणिताशिवाय होतच नाही.

सांगायची सवयही आत्ताच लावा. मार्चच्या आसपास रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला कासव महोत्सव असतो, तिथं जाऊन बघा, पिल्लं समुद्राकडं सोडताना गावातलेच लोक पर्यटकांना माहिती देतात आणि दोरीच्या मागं उभं करतात, किती सोप्या शब्दांत बोलतात ते ऐका. मग आपल्या गावच्या शाळेत अर्धा तास मागून घ्या.

साप पकडून दाखवणं म्हणजे अभ्यास नाही हेही सांगते, परवानगीशिवाय वन्यप्राणी पकडणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. रिसर्चलाही वनखात्याची लेखी परवानगी लागते आणि ती यायला वेळ जातो.

पैशाचं खरं सांगायचं तर सुरुवातीची कामं प्रोजेक्टवर असतात, प्रोजेक्ट संपला की पगारही संपतो, त्यामुळं घरी आधीच बोलून ठेवा. कायम नोकरी पाहिजे असेल तर एमपीएससीची वनसेवा किंवा यूपीएससीची आयएफएस (भारतीय वनसेवा) बघा. प्रोजेक्टवर काम मागायला ईमेल पाठवताना नुसती "मला आवड आहे" ही ओळ नको, त्या वहीतल्या वर्षभराच्या नोंदी जोडा.